आधी अंधार, मग प्रोजेक्टर

नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या नव्या बंगल्यांच्या नकाशात देवघर आणि पार्किंगच्या जोडीला आता आणखी एक खोली दिसू लागली आहे: होम थिएटर. कुणाच्या द्राक्षबागेनं दोन वर्षं चांगली साथ दिली, कुणाचं टोमॅटोचं गणित जमून आलं, कुणाची मुलं पुण्यात किंवा परदेशात नोकरीला आहेत आणि गावचं घर नीट व्हावं असं त्यांना वाटतं. सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायचा तर नारायणगावाहून पुणे सुमारे 75 किलोमीटर, आणि वाटेत चाकणची कोंडी. रात्रीचा शेवटचा खेळ पाहून परतायचं तर मळ्यातल्या घराच्या वाटेवर बिबट्याची धास्ती. त्यामुळे घरातच थिएटर हवं, ही इच्छा मला अगदी रास्त वाटते. पण या इच्छेपोटी होणारी खरेदी बहुतेक वेळा उलट्या टोकानं सुरू होते. पहिला प्रश्न असतो, "किती लुमेन्सचा घेऊ?" दुसरा असतो, "फोर-के आहे ना?" खोलीबद्दल, पडद्याबद्दल, विजेबद्दल कुणी विचारत नाही. पाच-दहा लाखांचं यंत्र पांढऱ्याशुभ्र खोलीत टांगलं जातं आणि मग चित्र फिकट का दिसतं म्हणून यंत्राला दोष दिला जातो.

लुमेन्सचं हे वेड आलं कुठून, ते समजण्यासारखं आहे. आपल्याकडे प्रोजेक्टर पाहिला जातो तो गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या कार्यालयात, शाळेत किंवा चौकात क्रिकेटच्या अंतिम सामन्याला. या सगळ्या ठिकाणी भोवती उजेड असतो, त्यामुळे तिथं भगभगीत यंत्रच लागतं. ते भाड्यानं देणारेही लुमेन्सच्या आकड्यावर भाडं सांगतात. तोच हिशेब घरात येतो. पण या मुलखाला अंधारात बसून पाहायची याहून जुनी सवय आहे. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. चैत्रातल्या यात्रांची सुपारी द्यायला गावोगावचे पंच इथल्या राहुट्यांवर येतात. आणि यात्रेत तमाशाच्या तंबूशेजारी एके काळी टूरिंग टॉकीजचा तंबू असायचा. ट्रकच्या मागच्या बाजूला बसवलेला 35 मिलिमीटरचा प्रोजेक्टर, समोर कापडी पडदा, आणि सगळीकडून कनातीनं बंद केलेला अंधार. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्या तंबूवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: कनात नीट बांधली नाही तर आत उजेड शिरतो आणि प्रेक्षक बोंब मारतो. यंत्र जुनं चालेल, कनात फाटकी चालणार नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आकड्यांशिवाय हा विषय नुसता मताचा होऊन बसतो. पडदा 120 इंची असेल तर त्याची रुंदी 2.66 मीटर आणि उंची दीड मीटरला थोडी कमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास 4 चौरस मीटर. कागदावर 2000 लुमेन्स असलेल्या चांगल्या प्रोजेक्टरचे रंग नीट जुळवले की हातात सुमारे 1500 लुमेन्स उरतात असं धरू. ते या पडद्यावर पसरले की साधा, गेन 1.0 चा पडदा सुमारे 120 निट्स उजेड देतो. चित्रपटगृहाचं ठरलेलं प्रमाण 48 निट्स आहे. डॉल्बी सिनेमासारख्या महागड्या थिएटरातही ते 108 निट्सच्या घरात जातं. म्हणजे अंधाऱ्या खोलीत, 120 इंची पडद्यावर, 2000 लुमेन्सचं यंत्र थिएटरपेक्षा उजळ चित्र देतं. 150 इंचाला तेच 77 निट्सच्या आसपास येतं, तरीही थिएटरच्या वर. लुमेन्सची खरी चणचण भासते ती पडदा 180-200 इंचाकडे गेला की. आणि आपल्या बंगल्यातली 12 बाय 18 फुटांची खोली 200 इंची पडदा मागतच नाही.

मग एवढे पैसे कशासाठी मोजायचे? काळ्यासाठी. महागड्या प्रोजेक्टरचा सगळा खर्च काळा रंग किती काळा दिसतो यावर होतो, आणि स्वस्त व महाग यातला फरक डोळ्याला इथंच कळतो. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (2018) घ्या. वाड्यातला तो पाऊस, कंदिलाच्या उजेडापलीकडचा तो काळोख. साध्या यंत्रावर हा काळोख राखेसारखा करडा दिसतो आणि कंदील एकटाच चमकतो. चांगल्या यंत्रावर काळोखातली भिंत, भिंतीवरची ओल आणि ओलीच्या पलीकडचा दरवाजा, असे थर एकामागून एक सुटे होतात. दिग्दर्शक आणि छायाचित्रकारानं जे टिपलं होतं ते पहिल्यांदाच घरात दिसतं. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (2015) उलट बाजूनं परीक्षा घेतो: तिथं काळं फार नाही, पण पावसाळी आभाळाच्या करड्या छटा इतक्या नाजूक आहेत की यंत्र हलकं असेल तर सगळं आभाळ एकाच रंगाचं होतं. दुकानात डेमो पाहायला जाल तेव्हा हे दोन सिनेमे बरोबर न्या. दुकानदार लावतो तो फुलांचा, माशांचा, रंगीत शहरांचा डेमो कुठल्याही यंत्रावर झकास दिसतो. त्यातून काहीच कळत नाही.

काळ्याचा हा हिशेब यंत्राच्या आतल्या तंत्रावर ठरतो. तंत्रं मुख्यतः तीन. पहिलं डीएलपी. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये बनवलेल्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलतो आणि प्रकाश पडद्याकडे तरी पाठवतो, नाहीतर बाजूला तरी टाकतो. चित्र कोरल्यासारखं रेखीव, हालचाल स्वच्छ. पण बाजूला टाकलेला प्रकाश पूर्ण मरत नाही, म्हणून घरगुती डीएलपीत पांढऱ्या-काळ्याचं मूळ प्रमाण साधारण हजार-दोन हजारास एक एवढंच राहतं. घरगुती यंत्रांतल्या बहुतेक छोट्या चिपवर मुळात 1920 बाय 1080 आरसे असतात. त्यांचं चित्र चार वेळा किंचित सरकवून फोर-के केलं जातं. डोळ्याला ते चांगलंच दिसतं. फोर-के या लेबलावर फार भांडू नये असं मी म्हणतो ते याचसाठी. एकाच चिपवर लाल-हिरवा-निळा आळीपाळीनं येत असल्यानं काही लोकांना नजर फिरवताना रंगांची शलाका दिसते. घरातल्या प्रत्येकाला आधी दाखवून घ्या, कारण ती एखाद्यालाच दिसते आणि ज्याला दिसते त्याचं डोकं चढतं.

दुसरं तंत्र थ्री-एलसीडी, जे एप्सननं वाढवलं. तीन वेगळ्या काचा, तीन रंग एकाच वेळी, त्यामुळे शलाका नाही आणि रंगीत उजेड पांढऱ्याइतकाच भरपूर. काळा डीएलपीपेक्षा बरा, पण तिसऱ्या तंत्राइतका नाही. ते तिसरं म्हणजे एलकॉस: सिलिकॉनच्या आरशावर द्रवस्फटिकाचा थर. जेव्हीसी त्याला डी-आयएलए म्हणते, सोनी एसएक्सआरडी. काळ्याचा प्रश्न इथं सुटतो. जेव्हीसी आपल्या डीएलए-एनझेड500 साठी मूळ कॉन्ट्रास्ट 40,000 ला 1 सांगते, एनझेड700 साठी 80,000, एनझेड800 साठी 1,00,000 आणि एनझेड900 साठी 1,50,000. कंपनीचा आकडा आणि घरातला आकडा यात फरक पडतो, तरी डीएलपीच्या हजार-दोन हजारांपासून हे किती लांब आहे ते स्पष्ट आहे. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' म्हणून दहा लाख, वीस लाख, अनंत असे जे आकडे खोक्यावर छापलेले असतात, त्यांच्याकडे पाहूही नका. लेझर मंदावून किंवा झडप मिटून मिळवलेले ते आकडे आहेत. एकाच चित्रात चंद्र आणि काळोख शेजारी आले की त्यांचा उपयोग नाही.

पण हा एलकॉसचा काळा तुमच्या खोलीत टिकेल का? आपल्या बंगल्यांची ठरलेली सजावट म्हणजे पांढरं पीओपीचं छत, फिकट भिंती, आरशासारखी चकाकणारी व्हिट्रिफाइड फरशी आणि छताच्या कडेला रांगेनं एलईडी. पडद्यावरचा उजेड या सगळ्यावर आपटून पुन्हा पडद्यावरच येतो. अशा खोलीत चित्राचा अर्धा भाग उजळ आणि अर्धा काळा असेल तेव्हा प्रत्यक्ष प्रमाण शंभरास एकच्या आसपास किंवा त्याच्याही खाली घसरतं, यंत्र कितीही लाखांचं असो. पाहायचं असेल तर रात्री टीव्हीवर एखादा उजळ प्रसंग लावून बाकी दिवे घालवा आणि छताकडे बघा. छत उजळतं, चेहऱ्यागणिक रंग बदलतं. तोच उजेड तुमचा काळा खातो. उपाय स्वस्त आहे आणि यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे. पडद्यापासून निदान पहिले सहा-सात फूट छत आणि भिंती गडद, बिनचमकीच्या रंगात रंगवा. गडद तपकिरी, गडद निळा, कोळशासारखा करडा, काहीही चालेल. पडद्याच्या भिंतीवर काळं मखमली कापड लावा. जमिनीवर जाड गडद गालिचा टाका. खिडकीला बाहेरून रोलर आणि आतून दुहेरी पडदा लावा. एलईडीच्या पट्ट्या, ॲम्प्लिफायरचे निळे ठिपके, एसीचा आकडा, हे सगळं झाकता आलं पाहिजे. बायको किंवा आई म्हणेल, ही कसली काळी खोली. तिला सिनेमा लावून दाखवा, मग ती बोलणार नाही.

या बाबतीत जुन्नरच्या जुन्या वाड्यांना जे फुकट मिळालं आहे ते नव्या बंगल्यांना विकत घ्यावं लागतं. दोन-अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर माळवद, आणि मधोमध खिडकी नसलेलं माजघर. दुपारी बारालाही तिथं दिवा लावावा लागतो. भिंतीची जाडी बाहेरचा आवाज आत येऊ देत नाही आणि आतला बाहेर जाऊ देत नाही. गिलावा खडबडीत असल्यानं आवाजही कमी घुमतो. अशा वाड्याचे मालक तो पाडून वर बंगला बांधायचं ठरवतात आणि त्या बंगल्यात थिएटरची खोली करण्यासाठी लाखभर रुपये खर्च करतात, याचं मला वाईट वाटतं. वाडा शाबूत असेल तर माजघर हेच तुमचं थिएटर. फक्त एक काळजी: लाकडी तुळईला जड यंत्र टांगू नका. वरून माणूस चालला की तुळई हलते आणि पडद्यावरचं चित्र थरथरतं. वरच्या दर्जाचे प्रोजेक्टर साधारण 13 किलोपासून 25 किलोपर्यंत असतात. मागच्या भिंतीत पक्की फळी किंवा कोनाडा करून तिथं ठेवा. भिंत मातीची असेल तर ब्रॅकेट भिंतीत न ठोकता जमिनीवरून लोखंडी स्टँड उभा करणं बरं.

इथली हवा आणि इथली वीज हे दोन विषय शहरातली दुकानं सांगत नाहीत, कारण त्यांना ते माहीत नसतात. आंबेगाव तालुक्याचीच दोन टोकं घ्या. पूर्वेला मंचरच्या पुढचा भाग कोरडा, धुळीचा. पश्चिमेला डिंभ्याच्या वर, आहुपे, भीमाशंकरकडे पावसाळ्यात चार महिने ढग घरात शिरतात. बहुतेक चांगल्या प्रोजेक्टरांना कंपनी 5 ते 35 अंश तापमान आणि साधारण 80 टक्क्यांपर्यंत आर्द्रता चालेल असं सांगते. मे महिन्यात नारायणगावात दुपारी बंद खोलीतलं तापमान 35 च्या वर सहज जातं, त्यात यंत्र स्वतः 300-400 वॉट उष्णता सोडतं. म्हणजे एसीविना उन्हाळ्यातली दुपार वर्ज्य. यंत्राभोवती देखणं लाकडी खोकं करायचा आग्रह सुताराचा असतो. ते करायचंच असेल तर मागून-पुढून वारा मोकळा खेळला पाहिजे आणि गरम हवा बाहेर जायची वाट पाहिजे. पश्चिम पट्ट्यातल्या घरांसाठी गोष्ट उलट आहे: यंत्र न वापरता पावसाळाभर झाकून ठेवलं तर लेन्सवर बुरशी धरते. दोन-चार दिवसांतून तासभर चालवा, एसीचा ड्राय मोड लावा, शक्य असेल तर डीह्युमिडिफायर ठेवा. उंचीची मात्र चिंता नको. 'हाय अल्टिट्यूड' मोड सहसा दीड हजार मीटरच्या वर लागतो, आणि जुन्नर व आंबेगाव या आपल्या दोन्ही तालुक्यांतली गावं त्याच्या पुष्कळ खाली आहेत. धुळीच्या पट्ट्यात थ्री-एलसीडी घेत असाल तर फिल्टर वेळच्या वेळी साफ करा. तो चोंदला की यंत्र तापतं, पंखा ओरडतो आणि आतल्या काचा लवकर म्हाताऱ्या होतात.

विजेचं दुखणं जास्त गंभीर आहे. गावठाणातलं घर आणि मळ्यातलं घर यांत फार फरक पडतो. गावठाणाच्या फीडरवर तसं बरं चालतं. मळ्यातल्या वस्त्यांवर शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, बंद झाल्या की उसळतं. फेज जातो, डीपी जळते, आणि वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की कोणत्या क्षणी काय उडेल सांगता येत नाही. बिबट्यामुळे रात्री शेतात जाणं जिवावरचं झालं आहे, म्हणून शेतीला दिवसा थ्री-फेज वीज द्या अशी मागणी इथं सातत्यानं होते. ती पूर्ण झाली तर मोटारींचा रात्रीचा भार हलेल आणि थिएटरवाल्यांचाही फायदा होईल. पण तोवर आपली सोय आपण करायची. घराचं अर्थिंग नव्यानं तपासून घ्या, जुन्या घरांत ते नावालाच असतं. मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर बसवा. प्रोजेक्टर आणि प्लेअरसाठी प्युअर साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस घ्या, एक ते दोन केव्हीएचा पुरतो. ॲम्प्लिफायर आणि सबवूफर त्यावर लावू नका, त्यांना वेगळा स्टॅबिलायझर द्या. लेझर यंत्र अचानक बंद पडलं तर जुन्या दिव्याच्या यंत्राइतकं नुकसान होत नाही हे खरं, पण आतला पॉवर सप्लाय वरखाली व्होल्टेज वर्षानुवर्षं सोसत नाही. यूपीएस नावाजलेल्या कंपनीचा घ्या, याला आणखी एक कारण आहे. खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ संदेश ती टिपते. हलक्या प्रतीचे इन्व्हर्टर आणि पॉवर सप्लाय रेडिओ गोंगाट करतात. आपल्या शेजारी जगातलं एवढं मोठं विज्ञान चालतं, त्याला आपल्या घरातून त्रास होऊ नये एवढी जाण आपण ठेवली पाहिजे.

आता पडदा. यावर लोक सगळ्यात कमी पैसे घालतात, आणि यंत्र तीनदा बदललं तरी पडदा तोच राहतो. अंधाऱ्या खोलीसाठी साधा पांढरा, मॅट, चौकटीवर ताणून बसवलेला, गेन 1.0 ते 1.3 चा पडदा पुरे. भोवती काळ्या मखमलीची चौकट हवीच. गुंडाळणारा पडदा घ्यायचा असेल तर कडा तारेनं ताणलेला घ्या, नाहीतर वर्षभरात सुरकुत्या पडून सरळ रेषा वाकड्या दिसतात. उजेड गिळणारे 'एएलआर' पडदे उजेडाच्या हॉलसाठी आहेत. अंधाऱ्या खोलीत ते उगाच चमक आणि कडेला काळेपणा आणतात. स्पीकर पडद्यामागे लपवायचे असतील तर बारीक विणीचा, आवाज आरपार जाणारा पडदा येतो. त्यात थोडा उजेड हरवतो, पण संवाद चेहऱ्यातून आल्यासारखे वाटतात. खोली मोठी असेल तर मी हाच सुचवेन. बसायचं अंतर 120 इंची पडद्याला साधारण पावणेचार ते पाच मीटर ठेवा. पुढच्या अंतरावर नजरेचा कोन 40 अंशांजवळ येतो, मागच्या अंतरावर 30 अंशांजवळ, आणि या दरम्यान सिनेमा सुखानं पाहता येतो. पहिली रांग तीन मीटरवर ठेवण्याचा मोह टाळा. पाहुण्यांना मान फिरवत बसावं लागतं.

पडद्याचा आकार ठरवताना आपण काय पाहतो याचा विचार करा. क्रिकेट आणि मालिका 16:9 च्या. आजचे बरेच मराठी-हिंदी चित्रपट 2.39 च्या रुंद आकाराचे, म्हणजे 16:9 पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या. 'संत तुकाराम' (1936) सारखा प्रभातचा सिनेमा जवळजवळ चौरस, म्हणजे पट्ट्या डावी-उजवीकडे. यंत्राचा काळा कच्चा असेल तर या पट्ट्या करड्या दिसतात आणि डोळ्याला सतत खुपतात. सिनेमाचे दर्दी असाल तर रुंद 2.39 चा पडदा घ्या आणि लेन्सची झूम-जागा लक्षात ठेवणारं, मोटारवाल्या लेन्सचं यंत्र घ्या. बटण दाबलं की क्रिकेटसाठी चित्र लहान, सिनेमासाठी मोठं. सोनीच्या व्हीपीएल-एक्सडब्ल्यू5000ईएसची लेन्स हातानं फिरवायची असल्यानं तिथं ही सोय मिळत नाही. जेव्हीसीच्या एनझेड500 पासून वर ती मिळते.

किमतीबद्दल. भारतातले भाव आयात, कर आणि वितरकाप्रमाणे बदलत राहतात, म्हणून यंत्रांची एकमेकांशी तुलना करायला अमेरिकेतले बाजारात आणतानाचे भाव बरे. एप्सनचा एलएस12000, 2700 लुमेन्स, 4,999 डॉलर. सोनी एक्सडब्ल्यू5000ईएस, 2000 लुमेन्स, 5,999 डॉलर. जेव्हीसी एनझेड500, 2000 लुमेन्स, 5,999. एनझेड700, 2300 लुमेन्स, 8,999. त्यापुढे एकदम उडी: एनझेड800 15,999 आणि एनझेड900 25,999 डॉलर. सप्टेंबर 2025 मध्ये प्रोजेक्टरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, ही आपल्यासाठी चांगली बातमी. जुने भाव सांगणाऱ्या दुकानदाराला ती आठवण करून द्या. या उतरंडीत माझ्या मते खरी किंमत एनझेड500 आणि एनझेड700 या पायऱ्यांवर वसूल होते. त्यावरच्या पायऱ्या फक्त दीडशे इंचांपेक्षा मोठा पडदा आणि पूर्ण काळी केलेली खोली असलेल्यांसाठी आहेत. खोली पांढरी ठेवून 25 हजार डॉलरचं यंत्र टांगणं ही उधळपट्टी आहे, आणि ती या भागात होते.

यंत्राच्या आयुष्याचीही एक समजूत काढून टाकली पाहिजे. लेझरचं आयुष्य 20,000 तास सांगतात. रोज तीन तास पाहिलं तरी ते 18 वर्षं होतात. तोवर कुठला तरी बोर्ड, पंखा, एचडीएमआयचं तोंड नक्की दगा देईल. म्हणून लेझरच्या तासांपेक्षा सेवा कोण देणार हा प्रश्न मोठा. ओळखीच्या माणसाच्या हातून दुबईहून किंवा सिंगापूरहून 'अर्ध्या किमतीत' येणारं यंत्र इथं बरेच जण घेतात. ते बिघडलं की भारतातली कंपनी हात वर करते, सुटे भाग मिळत नाहीत आणि यंत्र परत पाठवायचा खर्चच पोटात गोळा आणतो. मूळ पावती, भारतात चालणारी वॉरंटी आणि कंपनीच्या लेटरहेडवर सेवा केंद्राचं नाव, या तीन गोष्टींशिवाय एक रुपयाही पुढे करू नका. यंत्र बिघडलं तर जुन्नरला येऊन कोण पाहणार, की ते पुण्याला आपण न्यायचं, हेही लिहून घ्या. मूळ खोकं आणि त्यातला फोम फेकू नका. पुणे-नाशिक रस्त्यावरून जीपच्या मागे उघडं ठेवून नेलेला प्रोजेक्टर दुरुस्तीआधीच आणखी बिघडतो.

जुन्या यंत्रांचा बाजारही आहे आणि तो वाईट नाही. जेव्हीसीची 2018 पासून आलेली एनएक्स मालिका दिव्याची असली तरी तिचा काळा आजही अनेक नव्या लेझर यंत्रांना लाजवतो. दिव्याचे तास मेनूमध्ये दिसतात, ते पाहा. पूर्ण काळं चित्र लावून कोपऱ्यात उजळ डाग आहेत का ते बघा. पूर्ण पांढरं लावून एका बाजूला रंग चढलाय का ते बघा. आणि एकाच बसकीत निदान अर्धा तास चालू ठेवा, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच बाहेर येतात.

एचडीआरविषयी थोडक्यात: प्रोजेक्टर टीव्हीसारखा हजार निट्स देऊ शकत नाही, त्यामुळे उजळ प्रसंग पडद्यात कसा बसवायचा हे यंत्राला ठरवावं लागतं. जेव्हीसी आणि सोनी दोघेही हे प्रसंगागणिक करतात आणि चांगलं करतात. स्वस्त यंत्रं करत नाहीत, म्हणून तिथं एचडीआर लावला की सगळं मलूल दिसतं. अशा वेळी एचडीआर बंद करून पाहावं. आपले मराठी चित्रपट ओटीटीवर बहुतेक एचडीतच असतात. त्यामुळे एचडी चित्र फोर-केपर्यंत नीट वाढवणारं यंत्र आपल्याला एचडीआरपेक्षा जास्त कामाला येतं. घरातली मुलं गेम खेळणार असतील तर 120 हर्ट्झ आणि कमी विलंब असलेलं डीएलपी बघा. एनझेड500 आणि एनझेड700 ला फोर-केमध्ये 60 हर्ट्झच्या पुढे जाता येत नाही. आवाजाचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे, त्याला वेगळा लेखच हवा. फक्त एवढं सांगतो की एकूण खर्चातला मोठा वाटा आवाजाला आणि खोलीला राखून मगच यंत्राला हात घाला.

मग कुणी काय घ्यावं? ज्यांच्याकडे वेगळी खोली नाही, हॉलमध्येच बातम्या, मालिका, सामना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा चालतो, त्यांनी प्रोजेक्टर घेऊ नये. 85 किंवा 98 इंची टीव्ही घ्यावा. दिवसाच्या उजेडात त्याचं चित्र कुठल्याही प्रोजेक्टरपेक्षा चांगलं दिसतं. फक्त 98 इंची टीव्ही 2.17 मीटर रुंद असतो. पहिल्या मजल्यावर न्यायचा तर जिन्याचं वळण आधी टेपनं मोजा. हॉलच रात्री अंधारा करून वापरणाऱ्यांना एप्सनचा एलएस12000 शोभेल, उजेडही आहे आणि काळाही बरा आहे. वेगळी, गडद रंगवलेली खोली असेल तर एनझेड500. मोटारीची लेन्स नको असेल आणि सोनीची सेवा जवळ मिळत असेल तर एक्सडब्ल्यू5000ईएस. अशा खोलीतच पडदा 130-140 इंचांचा असेल आणि हात थोडा सैल सोडता येत असेल तर एनझेड700 घ्या. पण खोली रंगवून आणि वीज नीट करून झाल्यावर.

आणि ज्यांचा बंगला अजून बांधून व्हायचा आहे त्यांना एक कळकळीची विनंती. गिलावा होण्याआधी आपल्या मिस्त्रीला आणि वायरमनला सांगून पडद्याच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत छतातून दोन इंची पाइप टाकून घ्या, तीक्ष्ण वळण न देता आणि आत दोर सोडून. 10-15 मीटरची फायबर ऑप्टिक एचडीएमआय वायर त्यातून ओढता येईल आणि दहा वर्षांनी बदलताही येईल. स्लॅबमध्ये प्रोजेक्टरच्या जागी अँकर सोडा, शेजारी वेगळ्या एमसीबीवर एक पॉइंट द्या. हे सगळं काही हजारांत होतं. यंत्र पुढच्या हंगामात घेतलं तरी चालेल.